हाताने काढलेलं क्षेत्र आणि स्क्रिप्टचं क्षेत्र जुळत का नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या प्रतिमांवरून एनडीव्हीआय (हिरवळ किती ते सांगणारा निर्देशांक) काढायचा, ३० मीटरच्या डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या चौकटींच्या नकाशावरून) उतार काढायचा, आणि जिथे उतार १२ टक्क्यांहून जास्त पण एनडीव्हीआय ०.३ हून कमी आहे अशा उघड्या जमिनीचं क्षेत्र हेक्टरमध्ये मोजायचं. एका तारखेसाठी हे तुम्ही क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये खिडक्या उघडून, हाताने केलं. मग अनेक वर्षांच्या तारखांसाठी ग्रास जीआयएस या नकाशा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पायथॉन स्क्रिप्ट लिहिली. आता त्याच तारखेचं क्षेत्र बरंच वेगळं येतंय, आणि २०२२ पासून हिरवळ एकदम घटल्यासारखी दिसतेय. स्क्रिप्टमध्ये चूक कुठे आहे, आणि ग्रास सोडून जीडीएएल (नकाशांच्या फाइली हाताळणारी साधनं) किंवा नुसतं नमपाय (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) वापरावं का, असं तुम्ही विचारलंय.

लूप ठीक आहे, पायथॉनही ठीक आहे. अडचण त्याच्या आधीची आहे. हाताने काम करताना काही निर्णय तुमच्या वतीने सॉफ्टवेअर घेत होतं: सेल (नकाशाची एक चौकट) केवढा, हद्द कुठून कुठवर, सेलच्या रेषा कुठल्या रास्टरशी (चौकटींच्या नकाशाशी) जुळवायच्या, दोन सेलच्या मधली किंमत कशी काढायची, रिकाम्या सेलचं काय करायचं. स्क्रिप्टमध्ये हेच निर्णय दुसरं सॉफ्टवेअर घेतंय, वेगळ्या पद्धतीने, आणि दोघांनीही तुम्हाला विचारलेलं नाही. त्यामुळे ‘कुठलं उत्तर बरोबर’ हा प्रश्न आत्ता विचारून उपयोग नाही. हाताने काढलेलं उत्तर बरोबर आहे असं तुम्ही गृहीत धरलंय, पण त्यालाही आधार नाही.

रास्टर विश्लेषणाची स्क्रिप्ट मी लिहितो तेव्हा पहिल्या ओळींत ग्रिड (सेलची जाळी) ठरवतो आणि सूत्र फार नंतर येतं. सूत्र बहुधा एका ओळीचं असतं, वेळ जातो तो बाकीच्या गोष्टींत.

ग्रासपासून सुरुवात करू, कारण तुमची स्क्रिप्ट तिथे आहे. ग्रासमध्ये ‘कॉम्प्युटेशनल रीजन’ नावाची गोष्ट असते: हद्द अधिक सेलचा आकार. रास्टरची जवळजवळ सगळी मॉड्यूल्स या रीजनमध्येच चालतात. मूळ रास्टर कितीही मोठं असो, कितीही बारीक असो, वाचताना ते रीजनच्या सेलवर बसवलं जातं, आणि तेही ‘नीअरेस्ट नेबर’ पद्धतीने, म्हणजे रीजनच्या सेलच्या मध्यबिंदूवर मूळ रास्टरची जी किंमत असेल ती उचलली जाते. जी.रीजन या रीजन ठरवणाऱ्या मॉड्यूलला मूळ ३० मीटरचा डीईएम दिला आणि नंतर रीजन बदललं नाही असं समजा. मग एनडीव्हीआय ३० मीटरवर काढला जातो: दर नऊ पिक्सेलमधला एक वाचला जातो, आठ सोडून दिले जातात. सरासरी नाही, नुसतं सोडणं. मोठ्या सलग पट्ट्यांच्या क्षेत्रफळाला याने फार धक्का लागत नाही, पण दोन-चार पिक्सेलचे तुकडे नशिबावर राहतात. कुठलाही इशारा येत नाही, कारण ग्रासच्या दृष्टीने तुम्ही जे मागितलं तेच त्याने दिलंय.

आयात करताना मात्र चित्र उलटं असतं. आर.इन.जीडीएएल रीजनकडे बघत नाही, अख्खी फाइल आत घेतं. बाहेर काढताना आर.आउट.जीडीएएल पुन्हा रीजन पाळतं. हा फरक माहीत नसला की ‘आत घेतली तेव्हा प्रतिमा पूर्ण होती, बाहेर काढली तर कापलेली’ अशी तक्रार येते.

रीजनच्या बाबतीत आणखी एक बारीक खाच आहे आणि ती तुमच्याही स्क्रिप्टमध्ये आहे. अभ्यासक्षेत्राच्या सीमेचा व्हेक्टर (रेषांनी आखलेला नकाशा) देऊन रीजन लावलं, की हद्द व्हेक्टरच्या कडांना चिकटते आणि त्या हद्दीत पूर्ण संख्येने सेल बसावेत म्हणून सेलचा आकार किंचित बदलतो. १० मीटरऐवजी ९.९९७ वगैरे होतो. दिसायला क्षुल्लक, पण सेलच्या रेषा मूळ प्रतिमेवरून सरकतात आणि प्रत्येक किमतीची पुन्हा निवड होते. म्हणून व्हेक्टरबरोबर ‘अलाइन’ हा पर्याय देऊन एक संदर्भ रास्टर सांगायचं. मी नेहमी प्रतिमेचा १० मीटरचा बँड (एका रंगाचा थर) संदर्भ म्हणून धरतो. त्यानंतर ‘पी’ फ्लॅगने रीजन छापून घ्यायचं, आणि स्क्रिप्टलाच तपासू द्यायचं की सेल बरोबर १० आहे का, नसेल तर तिथेच थांबायचं.

आता तुमच्या फरकाचा मोठा भाग जिथून येतोय असा माझा कयास आहे, त्या उताराकडे येतो.

तुम्ही लिहिलंय की ‘सगळं १० मीटरवर आणायचं म्हणून’ डीईएम आधी जीडीएएलवॉर्प या जीडीएएलच्या कमांडने १० मीटरचा केला आणि मग उतार काढला. हाताने करताना तुम्ही उतार थेट ३० मीटरच्या डीईएमवर काढला होता. जीडीएएलवॉर्पला पद्धत सांगितली नाही तर तोही नीअरेस्ट वापरतो. म्हणजे ३० मीटरचा एक सेल तसाच्या तसा नऊ सेलमध्ये चिकटवला जातो. उंचीला त्याने काही बिघडत नाही, पण उतार हा शेजाऱ्यांच्या फरकावर चालतो.

आकडे घालून बघा. एक सरळ, एकसारखा डोंगरउतार घ्या, चढ १० टक्के. ३० मीटरच्या डीईएमवर शेजारच्या सेलमधला फरक ३ मीटर. आता तो नीअरेस्टने १० मीटरवर आणला की उंची अशी दिसते: १००, १००, १००, १०३, १०३, १०३, १०६, १०६, १०६. उतार काढणारं मॉड्यूल ३ बाय ३ ची खिडकी घेऊन डाव्या-उजव्या शेजाऱ्यातला फरक २० मीटरने भागतं. तिघांतल्या मधल्या सेलला दोन्ही शेजारी सारखेच, म्हणून उतार शून्य. कडेच्या दोन्ही सेलना ३ भागिले २०, म्हणजे १५ टक्के. सगळीकडे १० टक्के असलेल्या उतारावर एक तृतीयांश सेल सपाट आणि दोन तृतीयांश १५ टक्क्यांचे झाले. तुमची मर्यादा १२ टक्के. खरं तर या उताराचा एकही सेल तुमच्या नियमात बसायला नको, आणि स्क्रिप्टमध्ये दोन तृतीयांश बसले. उलट १३ टक्क्यांचा उतार असेल तर सगळे बसायला हवेत, तिथे एक तृतीयांश गळतील. सरासरी मात्र दोन्ही वेळा बरोबर येते, म्हणून नुसती सरासरी तपासून हे सापडत नाही. उताराचा नकाशा मोठा करून बघितला की पायऱ्या-पायऱ्यांची जाळी दिसते.

गंमत अशी की तुम्ही डीईएमला हात लावला नसता तर ग्रासने इथे सांभाळून घेतलं असतं. उतार काढणारं आर.स्लोप.अॅस्पेक्ट हे मोजक्या अपवादांपैकी आहे: ते स्वतःच्या कामापुरतं रीजनचं रिझोल्यूशन (सेलचा आकार) डीईएमच्या सेलशी जुळवून घेतं, आणि ‘ए’ फ्लॅग दिला तरच तसं करत नाही. पण फाइल आधीच १० मीटरची बनवून दिल्यावर आत काय चिकटवलंय हे त्याला कळणार कसं? आणि हा अपवाद आहे हेही लक्षात असू द्या. आर.नेबर्सही ‘ए’ फ्लॅग न दिल्यास असंच जुळवून घेतं, पण आर.वॉटरशेड अशी सवलत देत नाही, ते रीजन जे सांगेल त्यावरच चालतं.

मग काय करायचं? हे थोडं परिस्थितीवर अवलंबून आहे. माझी पद्धत अशी की उतार डीईएमच्या स्वतःच्या रिझोल्यूशनवर काढायचा आणि तयार उतार १० मीटरच्या ग्रिडवर बायलिनियरने (शेजारच्या चार किमतींच्या वजनी सरासरीने) आणायचा. डीईएम आधी बायलिनियरने बारीक करून मग उतार काढला तरी वरच्यासारख्या पायऱ्या येत नाहीत, काही जण तसं करतात आणि ते चूक नाही. पण ३० मीटरच्या डीईएममध्ये १० मीटरची माहिती नाहीच, हे मला पहिल्या पद्धतीत जास्त स्पष्ट राहतं. तिसरा पर्याय म्हणजे सगळं विश्लेषणच ३० मीटरवर करणं: एनडीव्हीआयसाठी दोन्ही बँड सरासरीने खाली आणायचे, मग सूत्र. मोठ्या प्रदेशाचा कल पाहायचा असेल तर मी हाच पर्याय निवडेन, कारण त्यात खोटी बारकाई नाही. लहान तुकडे ओळखून तिथे प्रत्यक्ष जायचं असेल तर १० मीटर ठेवावा लागेल. हा निर्णय मी तुमच्यासाठी घेऊ शकत नाही. तो स्क्रिप्टच्या वरच्या ओळींत शब्दांत लिहिलेला असावा एवढंच म्हणेन.

प्रोजेक्शनचाही (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीचाही) संबंध इथेच येतो. तुमचा डीईएम बहुधा अक्षांश-रेखांशात आहे, प्रतिमा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये. डीईएम एकदाच, बायलिनियर किंवा क्युबिकने, यूटीएमच्या ३० मीटर ग्रिडवर आणा आणि ‘टॅप’ पर्याय द्या, म्हणजे ग्रिडच्या रेषा ३० च्या पटीत बसतील आणि १० मीटरच्या रेषांशी आपोआप जुळतील. आधी प्रोजेक्शन, मग रिझोल्यूशन, मग कापणं असे तीन वेळा फेरे घालू नका, प्रत्येक फेऱ्यात किमती थोड्या पुसट होतात. आर.इम्पोर्ट वापरणार असाल तर त्याचाही डिफॉल्ट नीअरेस्टच आहे, पद्धत सांगावी लागते.

वर्गांच्या रास्टरला मात्र हे सगळं उलटं लागू होतं. ढग गाळण्यासाठी तुम्ही सेंटिनेलचा २० मीटरचा एससीएल हा वर्गीकरणाचा थर वापरताय. तो १० मीटरवर आणताना नीअरेस्टच हवा. त्यात ४ म्हणजे वनस्पती, ८ म्हणजे मध्यम शक्यतेचा ढग. बायलिनियर लावलं तर ढगाच्या कडेला ४ आणि ८ ची सरासरी ६ येते, आणि ६ म्हणजे पाणी. डोंगरमाथ्यावर तळी दिसायला लागली तर कारण शोधायला फार लांब जाऊ नका.

आता २०२२ ची घसरण. ती हिरवळीची नाही, प्रतिमेतल्या आकड्यांची आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ ची उत्पादनं प्रोसेसिंग बेसलाइन (प्रक्रियेची आवृत्ती) ०४.०० ने येऊ लागली आणि त्यात प्रत्येक किमतीत १००० मिळवलेले असतात. आधी आकडा भागिले १०,००० म्हणजे परावर्तन, आता आधी १००० वजा करायचे आणि मग भागायचं. एनडीव्हीआय हे एनआयआर (जवळचा अवरक्त प्रकाश) आणि रेड (लाल) या दोन बँडच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागलेलं गुणोत्तर असल्यामुळे १०,००० ने भागलं-न भागलं तरी चालतं, म्हणून अनेक जण कच्चे आकडेच सूत्रात टाकतात. पूर्वी ते खपून जायचं. वरच्या १००० नी मात्र वजाबाकी तशीच राहते आणि बेरीज २००० ने फुगते. उदाहरणार्थ एनआयआर २६०० आणि रेड १२०० असेल तर एनडीव्हीआय १४०० भागिले ३८००, म्हणजे ०.३७. हजार न वजा करता तो १४०० भागिले ५८००, म्हणजे ०.२४ होतो. हा सेल तुमच्या ०.३ च्या मर्यादेच्या वरून खाली घसरला, जमिनीवर काहीही न घडता.

दुरुस्ती करताना तारखेवर अट लावू नका. जुन्या प्रतिमाही नव्या बेसलाइनने पुन्हा प्रक्रिया करून उपलब्ध झालेल्या आहेत, त्यामुळे २०१९ च्या प्रतिमेतही ते हजार असू शकतात. काही ठिकाणांहून घेतलेल्या प्रतिमांमध्ये ते आधीच काढून टाकलेले असतात. नव्या बेसलाइनच्या प्रतिमेच्या मेटाडेटामध्ये (सोबतच्या माहितीत) ऑफसेट (त्या हजारांची दुरुस्ती) लिहिलेला असतो, स्क्रिप्टने तो तिथून वाचावा. आणि वजाबाकीच्या आधी शून्य किमतीचे सेल नल (रिकामे) करा, कारण शून्य म्हणजे तिथे माहितीच नाही. नाहीतर प्रतिमेबाहेरचा काळा त्रिकोण उणे १००० होऊन सूत्रात शिरतो आणि बाहेर अगदी सभ्य दिसणारा आकडा घेऊन येतो.

संख्येच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. ग्रासच्या आर.मॅपकॅल्क या सूत्र चालवणाऱ्या मॉड्यूलमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणून एनडीव्हीआयचं सूत्र असं लिहायचं:

एनडीव्हीआय = फ्लोट(एनआयआर − रेड) / (एनआयआर + रेड)

हे फ्लोट (दशांशात आणणं) राहिलं की जवळजवळ सगळा नकाशा शून्य येतो, त्यामुळे ही चूक लपत नाही. तुमच्याकडे ती नाही. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये हा प्रश्न येत नाही, तिथे हिशेब दशांशातच होतो. नमपाय आणि जीडीएएल_कॅल्कमध्ये मात्र लपणारी चूक आहे. बँड १६ बिटांचे, चिन्ह नसलेले पूर्णांक असतात. ३०० मधून ५०० वजा केले तर उणे २०० येत नाहीत, ६५३३६ येतात. पाण्यावर आणि सावलीत, म्हणजे जिथे रेड हा एनआयआरपेक्षा जास्त असतो, तिथेच हे घडतं, बाकी नकाशा ठीक दिसतो. वजाबाकीच्या आधीच फ्लोटमध्ये आणणं हाच उपाय. ग्रासचा पूर्णांक ३२ बिटांचा आणि चिन्हासहित असल्यामुळे तिथे यातून सुटका आहे.

फाइलींच्या नावांतली तारीख आडव्या रेघांनी लिहिलेली असेल तर आर.मॅपकॅल्क त्या रेघांना वजाबाकी समजतो. नाव अवतरणात ठेवा किंवा आयात करतानाच खालची रेघ वापरा. मी दुसरं करतो.

नलचा विषय मला वाटतं तुमच्या अहवालासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. ग्रासमध्ये सूत्रातला एकही सेल नल असला तर उत्तर नल. काही अपवाद वगळता हा नियम सरळ आहे, त्यांतले इथे कामाचे तीन: सेल नल आहे का ते सांगणारं आयएसनल हे फंक्शन, आणि तीन दांड्यांचा ‘किंवा’ व तीन अँपरसँडचा ‘आणि’. त्या दोघांना एका बाजूवरूनच उत्तर ठरत असेल तर दुसरी बाजू नल असलेली चालते. तुमच्या दोन अटींसाठी हे नेमकं कामाचं आहे. उतार १२ च्या खाली असेल तर एनडीव्हीआय ढगाखाली असला तरी उत्तर ‘नाही’ असंच आहे. साध्या ‘आणि’ने तो सेल नल होतो, तीन अँपरसँडच्या ‘आणि’ने ‘नाही’ होतो. ज्याचा उतार पुरेसा आहे पण वर ढग आहे, तो मात्र नलच राहायला हवा, कारण तिथे काय आहे ते आपण पाहिलेलं नाही.

पुढची पायरी अशी की प्रत्येक तारखेसाठी एक आकडा काढू नका, तीन काढा: नियमात बसणारं क्षेत्र, न बसणारं क्षेत्र, आणि माहीत नसलेलं क्षेत्र. तिघांची बेरीज प्रत्येक तारखेला अभ्यासक्षेत्राएवढीच यायला हवी. ती येत नसेल तर स्क्रिप्ट पुढे जाऊ देऊ नका. आत्ता तुमच्या आलेखात पावसाळी महिन्यांत उघडी जमीन कमी दिसते, ती हिरवळ वाढल्याने की ढगांनी झाकल्याने, हे त्या आलेखावरून कोणालाच सांगता येणार नाही. नल भरून शून्य करण्याचा मोह टाळा. ‘शून्य’ आणि ‘माहीत नाही’ एकदा एकत्र झाले की नंतर वेगळे करता येत नाहीत.

मास्कबद्दलही सांगतो. आर.मास्कने मास्क (नकाशाचा काही भाग झाकणारा थर) लावला की तो मॅपसेटमध्ये (ग्रासच्या कामाच्या फोल्डरमध्ये) तसाच राहतो, स्क्रिप्ट संपली तरी. मधेच स्क्रिप्ट कोसळली, मास्क काढायची ओळ चाललीच नाही, की पुढची फेरी आदल्या तारखेच्या ढगांचा मास्क घेऊन चालते. माझ्या स्क्रिप्टमध्ये मी मास्क शक्यतो टाळतो आणि ढगाची अट सूत्रातच लिहितो. ओळ लांब होते, पण वाचणाऱ्याला दिसते. रीजनसाठी पायथॉनमधलं यूज_टेंप_रीजन हे फंक्शन स्क्रिप्टच्या सुरुवातीला बोलवा, म्हणजे स्क्रिप्टमधलं रीजन स्क्रिप्टपुरतंच राहतं आणि तुमच्या चालू कामाला धक्का लागत नाही.

इथवरचा क्रम एका दमात सांगायचा तर: संदर्भ ग्रिड ठरवा, डीईएम एकदाच त्या प्रोजेक्शनमध्ये आणा, उतार त्याच्या स्वतःच्या सेलवर काढा, प्रतिमेतला ऑफसेट मेटाडेटावरून वजा करा, वर्गांना नीअरेस्ट आणि सलग किमतींना बायलिनियर, मग सूत्र, मग तीन क्षेत्रं.

साधन कुठलं, या प्रश्नाला मी मुद्दाम उशीर केला. वरच्या अडचणींपैकी बहुतेक साधन बदलून सुटत नाहीत, नुसत्या जागा बदलतात. जीडीएएल_कॅल्क घ्या: त्याला तुम्ही दोन रास्टर दिले तर डिफॉल्टने तो फक्त ओळी-स्तंभांची संख्या जुळते का एवढंच पाहतो. दोन्ही फाइली एकमेकींपासून अर्धा पिक्सेल किंवा दहा किलोमीटर सरकलेल्या असल्या तरी संख्या जुळली की तो हिशेब करून मोकळा. ‘एक्स्टेंट’ पर्यायाला ‘फेल’ सांगितलं तर तो अडतो. नमपायला तर जमिनीवरची जागा ही कल्पनाच नाही. ग्रासचं रीजन सुरुवातीला जाचक वाटतं, पण निदान सगळ्या रास्टरना एकाच ग्रिडवर बसवूनच तो पुढे जातो. या एका कारणासाठी लांबलचक साखळीच्या कामाला मी ग्रासच निवडतो.

दुसरं कारण मेमरीचं. सेंटिनेलची एक टाइल (प्रतिमेचा चौकोनी तुकडा) १० मीटरवर १०,९८० बाय १०,९८० पिक्सेल, म्हणजे बारा कोटींच्या वर. ३२ बिट दशांशात एक थर सुमारे ४८२ मेगाबाइट, ६४ बिटांत त्याच्या दुप्पट. नमपाय न सांगता बऱ्याचदा ६४ बिटांवर जातो, आणि एनआयआर, रेड, त्यांची वजाबाकी, बेरीज, भागाकार असे पाच थर एकदम मेमरीत आले की लॅपटॉप धापा टाकायला लागतो. आर.मॅपकॅल्क ओळ-ओळ वाचतो आणि ओळ-ओळ लिहितो. ग्रासची मुळं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत आहेत, आणि तेव्हाच्या यंत्रांवर अख्खं रास्टर मेमरीत घेण्याचा प्रश्नच नव्हता. तो जुना काटकसरी स्वभाव आजही उपयोगी पडतो.

याचा अर्थ जीडीएएल नको असा नाही. फाइली उघडणं, प्रोजेक्शन बदलणं, टाइल जोडून व्हीआरटी (अनेक फाइलींची एक आभासी फाइल) बनवणं, कॉम्प्रेस करून साठवणं यात त्याला तोड नाही, ग्रासही आत त्याचाच आधार घेतं. तुमचं गणित शेजारच्या सेलवर किंवा काळाच्या मालिकेवर चालणारं आणि कुठल्याच मॉड्यूलमध्ये नसलेलं असेल तर नमपाय घ्याच, फक्त तुकड्या-तुकड्यांनी वाचा. आणि काम अशा माणसाकडे सोपवायचं असेल ज्याला कमांड लाइन नको आहे, तर क्यूजीआयएसचं मॉडेल बनवून द्या. त्यातून ग्रासची मॉड्यूल्स वापरताना रीजनची हद्द आणि सेलचा आकार हे दोन पर्याय प्रगत विभागात दडलेले असतात, ते रिकामे सोडू नका.

वेगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण इतक्या तारखा असल्यावर विचार येणारच. एकाच मॅपसेटमध्ये दोन स्क्रिप्ट एकदम चालवू नका. रीजन आणि मास्क मॅपसेटमागे एकेकच असतात, एक स्क्रिप्ट दुसरीच्या पायाखालचं रीजन बदलते आणि चुकीचं उत्तर कुठल्याही तक्रारीशिवाय तयार होतं. प्रत्येक तारखेला वेगळा मॅपसेट द्या. उतार आणि सीमा सामाईक मॅपसेटमध्ये ठेवा, बाकीचे तिथून वाचू शकतात, लिहितात मात्र आपापल्या मॅपसेटमध्ये. ग्रासची ‘एक्झेक’ सोय वापरून प्रत्येक तारीख वेगळी प्रक्रिया म्हणून चालवता येते. आवृत्ती ८.४ पासून लोकेशनला (मॅपसेट ज्यात असतात त्या फोल्डरला) प्रोजेक्ट म्हणू लागले आहेत, जुनी उदाहरणं वाचताना तेवढं ध्यानात घ्या.

आता तुमच्या त्या एका तारखेचा निकाल कसा लावायचा ते. दोन क्षेत्रफळांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. हाताने केलेला शेवटचा नकाशा आणि स्क्रिप्टचा शेवटचा नकाशा, दोन्हींत शून्य आणि एक असणार, एकमेकांतून वजा करा आणि फरकाचा नकाशा डोळ्यांनी बघा. मला यापेक्षा जलद निदान माहीत नाही. फरक तुकड्यांच्या कडेने, एकाच दिशेला बारीक झालरीसारखा असेल तर ग्रिड सरकलंय. फरकात ३ बाय ३ ची नियमित जाळी दिसली तर नीअरेस्टने बारीक केलेला डीईएम. मोठे, गोलसर ठिपके असतील तर ढग किंवा त्यांची सावली, म्हणजे नलची हाताळणी. फक्त अभ्यासक्षेत्राच्या सीमेवर असेल तर हद्द किंवा कापण्याची पद्धत. विरळ झाडीच्या भागात सगळीकडे पसरलेला असेल तर ऑफसेट. दोन-तीन कारणं एकत्र असतील तर फरकही मिसळलेला दिसेल. अशा वेळी एनडीव्हीआय आणि उतार यांचे नकाशे वेगवेगळे वजा करा, कुठला थर दोषी आहे ते लगेच कळतं.

यूटीएमच्या विकृतीवर मात्र संशय घेऊ नका. मध्य रेखावृत्तावर मापप्रमाण ०.९९९६ असतं, म्हणजे क्षेत्रात साधारण ०.०८ टक्के फरक. तुमचा फरक त्याच्या कितीतरी पट आहे.

आणि नव्या स्क्रिप्टची पहिली चाचणी खऱ्या टाइलवर घेऊ नका. वर लिहिलेला १० टक्क्यांचा उतार आर.मॅपकॅल्कमध्येच रो आणि कॉल या फंक्शननी एका ओळीत बनवता येतो. शंभर बाय शंभर सेलचा असा खोटा डीईएम बनवा, एनडीव्हीआयच्या जागी अर्ध्या भागात ०.२ आणि अर्ध्यात ०.५ भरा, एका कोपऱ्यात नल ठेवा. तिन्ही क्षेत्रं किती यायला हवीत ते कागदावर काढता येतं. स्क्रिप्टने तेच दिलं तर मगच खऱ्या प्रतिमा लावा.

हे सगळं करूनही फरक राहिला तर चार गोष्टी पाठवा: सूत्र चालण्याच्या लगेच आधी छापलेलं रीजन, डीईएम व एनडीव्हीआय या दोन्हींचं आर.इन्फो (रास्टरची माहिती छापणारं मॉड्यूल), त्या प्रतिमेची प्रोसेसिंग बेसलाइन, आणि फरकाच्या नकाशाचं चित्र. आर.इन्फोच्या इतिहासात ते रास्टर कुठल्या सूत्राने बनलं तेही लिहिलेलं असतं, त्यामुळे स्क्रिप्ट पाठवली नाही तरी चालेल.